तुमचा जीबी किती बाइटचा?

भरतीच्या जाहिराती निघाल्या की लातूर-नांदेडकडच्या सेतू केंद्रांवर फॉर्म भरणाऱ्या पोरांची रीघ लागते. फॉर्मवर एक ओळ हमखास असते: ‘फोटो २० ते ५० केबी’. बँकभरतीच्या आयबीपीएसच्या फॉर्मवरही हीच मर्यादा. पोरगं घरून फोटो लहान करून आणतं. फोन सांगतो, फाइल ५०.६ केबी. केंद्रावरच्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल घेतली की प्रॉपर्टीजमध्ये दिसतं, ४९.४ केबी. फोटो तोच, फाइल तीच, एक ठिपका इकडचा तिकडे झालेला नाही. आता वेबसाइट ती घेईल की परत पाठवेल?

दोन्ही आकडे बरोबर आहेत. बाइट हे फाइल मोजायचं मूळ माप, केबी म्हणजे किलोबाइट. या फाइलमध्ये ५०,६०० बाइट आहेत. अँड्रॉइड ८पासून फोन हा आकडा १०००ने भागून दाखवतो, विंडोज १०२४ने भागून. वेबसाइट काय करेल हे तिच्या प्रोग्रामरनं मर्यादा ५० गुणिले १००० अशी लिहिली की ५० गुणिले १०२४ अशी, यावर ठरतं. पहिल्या हिशेबानं फाइल ६०० बाइटांनी जास्त भरते, दुसऱ्या हिशेबानं ६०० बाइटांनी कमी. फॉर्मवरच्या ओळीत यातलं काहीच सांगितलेलं नाही. केंद्रावरचा माणूस अनुभवानं शहाणा झालेला असतो. तो फोटो सरळ चाळीसवर आणतो आणि वाद मिटवतो.

पण अशी ओळ लिहिणारे आपल्यातच पुष्कळ आहेत. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कंपन्यांत मशीनचं मॅन्युअल लिहिणारे, नगरपालिकेच्या टेंडरमध्ये कॅमेऱ्यांचं स्पेसिफिकेशन टाकणारे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट करणारे, सॉफ्टवेअरसोबत रीडमी ही माहितीची फाइल जोडणारे. केबी, एमबी, जीबी ही अक्षरं आपण दिवसभर वापरतो आणि त्यांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे असं धरून चालतो. नेमका तिथेच घोळ होतो.

१०२४ आलं कुठून

मेमरीच्या चिपमधून. चिपमधल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो आणि तो पत्ता सांगायला तारा लागतात. एका तारेवर दोनच गोष्टी सांगता येतात: वीज आहे किंवा वीज नाही. एक तार वाढवली की पत्ते दुप्पट होतात. दोन तारांत चार, तीन तारांत आठ, दहा तारांत १,०२४. दहा तारा टाकून चिप मात्र बरोबर १,००० बाइटची करायची म्हटलं, तर शेवटचे २४ पत्ते ओसाड सोडावे लागतील. असा तोटा कोण करेल? म्हणून मेमरी दोनच्या पटीत वाढत गेली, आणि १,०२४ हे हजाराच्या इतकं जवळ होतं की त्याला ‘किलो’ म्हणायची सवय लागली. तेव्हा मेमरीच एवढीशी असायची की वरचे चोवीस कुणाच्या खिजगणतीत नव्हते.

हार्ड डिस्कला मात्र ही सक्ती नाही. डिस्कवर माहिती ५१२ किंवा ४,०९६ बाइटच्या सेक्टरांत लिहिली जाते हे खरं, पण असे किती सेक्टर बसतील हे तबकड्या किती आणि त्यावर किती दाट लिहिता येतं यावर अवलंबून. तिथे दोनच्या पटीचं काही कारण नाही. आयबीएमनं १९५६मध्ये आणलेल्या रॅमॅक या पहिल्या हार्ड डिस्कची क्षमताही ५० लाख अक्षरं अशी साध्या दशमान आकड्यात सांगितली जाई. नेटवर्कचं तसंच. तिथे सेकंदाला किती बिट (बिट म्हणजे बाइटचा आठवा हिस्सा) हे मोजतात, आणि सेकंद-हर्ट्झच्या जगात किलो म्हणजे हजारच.

म्हणजे रॅमवाले, अर्थात मेमरीच्या चिपवाले, १०२४ने मोजत राहिले, डिस्कवाले आणि नेटवर्कवाले १०००ने, आणि अक्षरं सगळ्यांनी तीच वापरली. लॅपटॉपचं बिल बघा. ‘८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी.’ एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी साठवण. एकाच ओळीतले हे दोन जीबी वेगवेगळे आहेत! रॅमचा जीबी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटचा, एसएसडीचा बरोबर १०० कोटी बाइटचा. घरी येऊन मशीन चालू केलं की विंडोज सांगतं, डिस्क ४७६ जीबीची आहे. मग दुकानदाराला फोन जातो. त्यानं काही काढून ठेवलेलं नसतं. कंपनीनं ५१,२०० कोटी बाइट दिले, विंडोजनं त्यांना १०७ कोटींच्या जीबीनं भागलं, आणि उत्तरापुढे तीच दोन अक्षरं लावली. रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला भाग) वगैरेंत जाणारी जागा वेगळी. ती या फरकात मिसळू नये, नाहीतर कुठलाच हिशेब जुळत नाही.

हा फरक एकसारखा नाही, एकक मोठं होईल तसा तो फुगत जातो. किलोला २.४ टक्के, मेगाला ४.९, गिगाला ७.४, आणि टेराला जवळपास १० टक्के. केबीच्या जमान्यात दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट टीबीच्या जमान्यात दहावा हिस्सा झाली.

सगळ्यात मजेशीर नमुना फ्लॉपीचा. साडेतीन इंची फ्लॉपीवर ‘१.४४ एमबी’ छापलेलं असे. ८० ट्रॅक, प्रत्येकात १८ सेक्टर, दोन बाजू, प्रत्येक सेक्टर ५१२ बाइट. गुणाकार येतो १४,७४,५६० बाइट. हजाराच्या हिशेबानं हे १.४७ एमबी, १०२४च्या हिशेबानं १.४१. मग १.४४ कुठून आलं? एकदा १०२४ने भागलं, १,४४० आले. मग पुढे १०००ने भागलं. दोन्ही पद्धती एकाच आकड्यात, आणि तो आकडा जगभर वर्षानुवर्षं छापला गेला. पुढे ७०० एमबीची सीडी १०२४च्या हिशेबानं आली, तर ४.७ जीबीची डीव्हीडी १०००च्या.

नवी नावं आणि जुनी सवय

डिसेंबर १९९८मध्ये आयईसी या विद्युततंत्राच्या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं यावर तोडगा काढला. किलो, मेगा, गिगा ही दशमान पद्धतीची नावं १००० आणि त्याच्या पटींसाठीच ठेवायची. १०२४च्या पटींना किबी, मेबी, गिबी, टेबी म्हणायचं. चिन्हात मध्ये एक छोटा आय घालायचा: केआयबी, एमआयबी, जीआयबी. मापनाच्या एसआय पद्धतीची अधिकृत पुस्तिकाही हेच सांगते, की किलोबिट म्हणजे १,००० बिट, १,०२४ नव्हे.

मोंढ्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात कच्चा शेर आणि पक्का शेर असे दोन शेर असत. वजन वेगळं, पण नाव घेतानाच कुठला ते सांगितलेलं, म्हणून सौदा मोडत नसे. छोटा आय हेच काम करतो.

तरीही पंचवीसेक वर्षांत ही नावं दुकानापर्यंत आलेली नाहीत. रॅमच्या डब्यावर कुणी ‘८ गिबिबाइट’ छापत नाही. चिप उद्योगाची मानकं ठरवणारी जेडेक ही संस्था आपल्या व्याख्यांत जुने १०२४वाले अर्थ देते, पण ते केवळ रूढ वापर म्हणून दिल्याचंही तिथेच नोंदवते. विंडोज आजही १०२४ने भागतं आणि जीबी लिहितं. अॅपलनं २००९च्या स्नो लेपर्डपासून मॅकवर १००० धरायला सुरुवात केली, म्हणून एक टीबीची डिस्क मॅकवर एक टीबीच दिसते आणि विंडोजवर ९३१ जीबी. लिनक्सवर डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफ या कमांडला छोटा एच लावला तर १०२४ने भागलेलं उत्तर येतं, कॅपिटल एच लावला तर १०००ने. उत्तरात मात्र दोन्ही वेळा नुसतं जी किंवा टी. एका अक्षराच्या फरकानं आकडा बदलतो आणि उत्तर बघून कुठला एच होता हे कळायला मार्ग नाही.

हे प्रकरण अमेरिकेत कोर्टातही गेलं. डिस्कवर सांगितल्यापेक्षा जागा कमी निघते म्हणून ग्राहकांनी दावे केले. वेस्टर्न डिजिटलनं २००६मध्ये आणि सीगेटनं २००७मध्ये तडजोड केली. सॅनडिस्कवरचा दावा मात्र २०२०मध्ये कोर्टानं फेटाळला, कारण पाकिटावर १ जीबी म्हणजे किती बाइट हे छापलेलं होतं. लिहिणाऱ्यांनी यातून घ्यायचं ते एवढंच: पाकिटावरच्या बारीक अक्षरातल्या एका ओळीनं कंपनीला वाचवलं.

बिट आणि बाइट: इथे फरक आठपट

हजार-चोवीसच्या भांडणात फार तर दहा टक्के जातात. बिट आणि बाइट यांची गल्लत झाली तर हिशेब आठपट चुकतो, आणि माझ्या मते कागदपत्रांत जास्त नुकसान याच गल्लतीनं होतं. आठ बिटांचा एक बाइट. इंग्रजी चिन्हांत बाइटला कॅपिटल बी आणि बिटला छोटा बी. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइल बाइटमध्ये मोजतात. म्हणून केबलवाल्यानं ‘१०० एमबीचं कनेक्शन’ म्हणून दिलेल्या लाइनवर डाउनलोडचा काटा सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वर जात नाही. तो खोटं बोलला नाही, फक्त बिट हा शब्द गिळला.

एक उदाहरण जरा सावकाश बघू. समजा, जालन्याच्या नव्या मोंढ्यात एका आडत दुकानावर चार कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क असलेला डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, बसवला. सेटिंगच्या मेनूत प्रत्येक कॅमेऱ्यापुढे २०४८ असा आकडा दिसतो. एकक आहे सेकंदाला किलोबिट. २०४८ बघून बसवणाऱ्याला वाटतं की इथेही सगळं १०२४नेच मोजायचं. पण हा प्रवाहाचा वेग आहे; नेटवर्कच्या रिवाजाप्रमाणे इथला किलो हजाराचाच.

चार कॅमेऱ्यांचे मिळून ८,१९२ किलोबिट. आठनं भागले की सेकंदाला १,०२४ किलोबाइट, म्हणजे १०,२४,००० बाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की दिवसाला ८८.५ जीबी, हजाराच्या हिशेबातले. एक टीबी म्हणजे त्याच हिशेबातले १,००० जीबी, भागिले ८८.५, सव्वाअकरा दिवस. हा झाला धड हिशेब, म्हणजे कॅमेऱ्याचा वेग खरंच तेवढाच राहिला आणि डिस्कची सगळी जागा रेकॉर्डिंगला मिळाली तर.

आता चुका कशा होतात बघा. डीव्हीआरच्या पडद्यावर डिस्क ९३१ जीबी दिसते. कुणी ९३१ला ८८.५ने भागतो आणि कोटेशनवर ‘साडेदहा दिवस’ लिहितो. वरचा आकडा १०२४चा, खालचा १०००चा. कच्च्यानं घेऊन पक्क्यानं दिलं. नुकसान पाऊण दिवसाचं. दुसरा किलोबिटला किलोबाइट समजतो, त्याच्या हिशेबानं डिस्क दीड दिवसात भरते, आणि तो मालकाच्या गळ्यात आठपट मोठी डिस्क मारतो. तिसरा हिशेबच करत नाही, ‘महिनाभराचं रेकॉर्डिंग’ एवढंच लिहितो. मग एक दिवस वजनकाट्यावरून वाद होतो, तीन आठवड्यांपूर्वीचं फुटेज हवं असतं.

‘कामून रे, तीस दिवसाचं बोलला होतास ना? मग गेल्या महिन्याचं दिसंना कामून?’

‘शेठ, डिस्क भरली की जुनं पुसून त्याच्यावर नवं लिहितंय ते.’

‘मग आधी सांगायला काय झालतं?’

शेठचा मुद्दा रास्त आहे. तीस दिवसांसाठी २.६५ टीबी लागले असते, म्हणजे बाजारात मिळणारी तीन टीबीची डिस्कही काठोकाठच. कोटेशनवर एक ओळ पुरली असती: ‘चार कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला २०४८ किलोबिट, सलग रेकॉर्डिंग; १ टीबी डिस्कवर (१ टीबी = १ लाख कोटी बाइट) सुमारे ११ दिवस.’ ही ओळ कुणीही पडताळू शकतो. नगरपालिकेच्या टेंडरमध्ये तर मी ‘किमान १ टीबी’ याऐवजी ‘अमुक वेगानं किमान अमुक दिवस’ असंच लिहीन. पुरवठादाराला वाद घालायला एकक उरतच नाही.

मग लिहायचं कसं

मी कट्टर नाही. सगळीकडे गिबिबाइट लिहा असं सांगणारे लोक वाचकाचा विचार करत नाहीत. हार्ड डिस्क घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पुस्तिकेत गिबिबाइट टाकलं तर तो आणखी गोंधळेल. त्याच्यासाठी जीबी हजाराचा धरा, डब्यावरच्या आकड्याशी तो जुळतो, आणि ‘विंडोजवर हीच डिस्क ४७६ जीबी दिसेल, जागा तेवढीच आहे’ अशी एक ओळ जिथे त्याला तो आकडा दिसणार तिथेच घाला. उलट सर्व्हरची मेमरी, कंटेनरच्या (सर्व्हरवर वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रामच्या) मर्यादा, फर्मवेअरचा (उपकरणातच बसवलेल्या सॉफ्टवेअरचा) नकाशा अशा कागदात केआयबी-एमआयबीशिवाय पर्याय नाही, कारण तिथे वाचणारा त्या आकड्यानं पुढे गणित करणार असतो.

कुठलंही निवडा, पण एका कागदात एका चिन्हाचा एकच अर्थ ठेवा. हे ऐकायला सोपं आहे आणि निभवायला अवघड, कारण कागद एकटा माणूस लिहीत नाही. सॉफ्टवेअरच्या डाउनलोड पानावर एकानं मॅकवर बघून लिहिलं, फाइल २५७ एमबी. इन्स्टॉलेशनच्या पानावर दुसऱ्यानं विंडोजवर बघून लिहिलं, २४५ एमबी. फाइल एकच, २५,६९,०१,१२० बाइटची. ग्राहक २५७ वाचून डाउनलोड करतो, त्याच्या विंडोजवर २४५ दिसतं, आणि तो समजतो की फाइल अर्धवट उतरली. पुन्हा उतरवतो. पुन्हा २४५. मग सपोर्टला फोन. अशा ठिकाणी पूर्ण बाइट लिहिणं सगळ्यात सोयीचं. विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये लहान आकड्यापुढे कंसात पूर्ण बाइट दिलेले असतात. विंडोजवर कितीही टीका केली तरी ही पद्धत उचलण्यासारखी आहे.

एककांचा खुलासा बहुतेक मॅन्युअलमध्ये पहिल्या-दुसऱ्या पानावर ‘या पुस्तिकेतील संकेत’ अशा मथळ्याखाली असतो. ते पान कुणी वाचत नाही. माणूस सर्चमधून थेट चाळिसाव्या पानावरच्या तक्त्यात उतरतो. खुलासा त्या तक्त्याच्या डोक्यावर हवा.

खरी अडचण येते ती तुमचा नियम आणि सॉफ्टवेअरची भाषा वेगळी असते तेव्हा. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस घ्या. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मेमरी केबी, एमबी, जीबी अशीच लिहावी लागते, के छोटाच लागतो, आणि तरी त्याचा गुणक १०२४ आहे. त्यांच्या कागदपत्रांत तसं स्पष्ट सांगितलंय. तुमच्या मॅन्युअलमध्ये एमआयबी हा नियम आहे म्हणून कॉन्फिगरेशनची ओळ ‘सुधारली’, तर ती ओळ डेटाबेस नाकारेल. म्हणून टाइप करायची ओळ, समजा १२८ एमबीची, जशीच्या तशी ठेवायची, आणि खाली आपल्या वाक्यात लिहायचं की ही १२८ एमआयबी होते. मशीनला द्यायचा मजकूर मशीनच्या नियमानं, माणसाला सांगायचा मजकूर आपल्या नियमानं.

कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या सॉफ्टवेअरमध्ये तर अक्षराच्या आकाराचीही गंमत आहे. तिथे मेमरीच्या आकड्यापुढे कॅपिटल एम लावला तर मेगा, एम आणि छोटा आय लावला तर मेबी, आणि नुसता छोटा एम लावला तर मिली, म्हणजे हजारावा भाग. म्हणजे ४००पुढे चुकून छोटा एम पडला तर मागणी होते ०.४ बाइटची. अर्धा बाइटसुद्धा नाही! हा इशारा त्यांच्या कागदपत्रांतच दिलेला आहे, त्यावरून ही चूक किती जण करत असतील याचा अंदाज घ्या. एसआय पद्धतीत किलोचा के छोटा असतो, कॅपिटल के तापमानाच्या केल्विनचा. हे नियम काटेकोर वाटतात, पण त्याला कारण आहे.

हार्डवेअरवाल्यांसाठी आणखी एक खाच. फ्लॅश मेमरीच्या चिप बहुधा मेगाबिटमध्ये विकल्या जातात. समजा, चिकलठाण्याच्या एखाद्या वर्कशॉपनं भट्टीचं तापमान नोंदवणारा डेटा लॉगर केला आणि त्यात ३२ मेगाबिटची चिप टाकली. चिप मेमरीची, त्यामुळे मेगा १०२४ गुणिले १०२४चा. क्षमता ४१,९४,३०४ बाइट, म्हणजे ४ एमआयबी. दर मिनिटाला १६ बाइटची एक नोंद धरली तर २,६२,१४४ नोंदी बसतात, १८२ दिवसांच्या. मॅन्युअल लिहिणाऱ्यानं ४ एमबी म्हणजे ४० लाख बाइट धरले तर १७३ दिवस निघतात. एवढ्यावर भागेल, कमीच सांगितलंय. पण डिझाइनच्या कागदावर ३२ एमबी हे छोट्या बीनं लिहिलेलं असेल आणि लिहिणाऱ्यानं ते कॅपिटल वाचलं, तर मॅन्युअलमध्ये छापून येईल ‘सुमारे चार वर्षांची नोंद’. सहा महिन्यांनी भट्टीवरच्या इंजिनिअरला कळेल.

मराठीत लिहिताना

देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल नाही. त्यामुळे इंग्रजी चिन्हांची सगळी मदार ज्या फरकावर आहे तो मराठीत येताच नाहीसा होतो. ‘१०० एमबी’ हे मराठीत बिटही असू शकतं आणि बाइटही. म्हणून मराठी पुस्तिकेत बिटसाठी आद्याक्षरं वापरूच नयेत असं माझं ठाम मत आहे: नेहमी ‘मेगाबिट’ पूर्ण लिहावं, आणि केबी-एमबी-जीबी ही रूपं फक्त बाइटसाठी राखावीत. वेग लिहिताना ‘सेकंदाला १०० मेगाबिट’. जागा थोडी जास्त जाते, जाऊ द्या. शेतावरच्या मोटारीचा कंट्रोलर असो की दूध संकलनाचं मशीन, ज्यांच्यासाठी मराठी पुस्तिका छापतो त्यांच्याकडे इंग्रजी पुस्तिका उघडून खात्री करायची सोय नसते.

स्वल्पविरामाचंही ठरवून घ्यावं. इंग्रजी मूळ कागदात दहा लाख अठ्ठेचाळीस हजारांचा आकडा तीन-तीनच्या गटांत असतो, आपण तो १०,४८,५७६ लिहितो. एका पानावर असं आणि दुसऱ्यावर तसं झालं की मोठे आकडे वाचताना डोळा चुकतो. टाइप करायच्या ओळीत मात्र स्वल्पविराम मुळीच नको.

जुने कागद दुरुस्त करताना

जुनं मॅन्युअल हाती आलं की पहिला मोह होतो तो सगळे जीबी निवडून एका झटक्यात जीआयबी करण्याचा. हे करू नका. त्या जीबींपैकी काही डिस्कच्या डब्यावरून आलेले असतात, काही विंडोजच्या स्क्रीनशॉटमधून, काही रॅमचे. एका झटक्यात बदललं की आधी संदिग्ध असलेले निम्मे आकडे आता ठाम चुकीचे होतात, आणि चुकीवर छोट्या आयचा शिक्का बसल्यामुळे पुढचा माणूस त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

प्रत्येक आकड्याला विचारावं लागतं: तू कुठून आलास? डब्यावरून आला असेल तर हजाराचा. विंडोजच्या पडद्यावरून आला असेल तर १०२४चा. ४७६, ९३१, ४६५, २९.८ असे वेडेवाकडे आकडे दिसले की समजा, हजाराच्या गोल आकड्याला कुणीतरी १०२४ने भागलंय. २५६, ५१२ अशा आकड्यांवरून मात्र निर्णय करू नका. रॅमही ५१२ असते आणि एसएसडीही. उगम सापडला नाही तर प्रोग्रामरकडे जा आणि कोडमधली मर्यादा बाइटमध्ये मागा. तोही सापडला नाही तर नव्यानं मोजा. आणि मोजलेला आकडा कागदात गेला की सॉफ्टवेअरच्या एरर मेसेजमध्ये तोच आकडा त्याच एककात येतो का तेही बघा, कारण ‘फाइल ५० केबीपेक्षा मोठी आहे’ हे वाक्य मॅन्युअलवाल्यांच्या हातून जात नाही, ते कोडमध्ये बसलेलं असतं.